बिघडलेल्या किल्ल्यांचा जुडगा

लिही. आधी दुकान लिही, माणूस मागून येईल.

चपलांचं दुकान आणि औषधांचं दुकान, त्यांच्या मधे एक दार मावेल एवढीच जागा. तिथे किल्लीवाला बसतो. पुढे एक फळी, फळीवर किल्ली कापायचं यंत्र, दोन-तीन कानशी, तेलाची कुपी. मागे भिंतभर खिळे आणि खिळ्यांना कोऱ्या किल्ल्या लटकवलेल्या, अजून दात न पाडलेल्या. पहिल्यांदा बघितल्या तेव्हा मी म्हटलं, या बाई माझ्यासारख्याच बोळक्या. तर तो म्हणाला, कोरी आहे तोवर ती कुठल्याही दाराची होऊ शकते आजी, दात पडले की एकाच दाराची. असं काहीतरी बोलायचा आणि परत कानस घासायला लागायचा. मला वाटलं, माणूस जरा सर्किट दिसतोय.

त्याचा बापही किल्ल्याच करायचा. हा दहावीला दोनदा आपटला तेव्हा बापाने काही न बोलता हातात कानस दिली, आणि त्याने ती घेतली. बायको दवाखान्यात नर्स आहे. रविवारी तिची ड्युटी असते, म्हणून रविवारी दुपारी याला घर खायला उठायचं. त्यातून तो खेळ सुरू झाला, असं तो सांगतो. बायको म्हणते, खेळ आधीचा, मी मागून आले.

कामाची त्याची एक रीत आहे. कुणी किल्ली घेऊन आलं, म्हणालं अशीच एक करून द्या, तर हा लगेच यंत्र चालू करत नाही. आधी विचारतो, दार कुठलं? लाकडी की लोखंडी? किल्ली अडते ती घालताना की फिरवताना? लोक वैतागतात. अहो, किल्ली करायची की दाराची सोयरीक जुळवायची? पण त्याची किल्ली परत आलेली मी कधी बघितली नाही. तो म्हणतो, अर्ध्या वेळा किल्ली चांगलीच असते, दार फुगलेलं असतं.

आता खेळ सांगते. हे वाचणाऱ्याला कळायला हवं, तुला माहीत आहे म्हणून गाळू नकोस.

दुकानाच्या मागे एक खोली आहे, एक टेबल, पाच खुर्च्या, वर लांब दांड्याचा दिवा. त्या खोलीत हा खेळ. पट नाही, सोंगट्या नाहीत. किल्लीवाला गोष्ट सांगतो: समोर डोंगर आहे, डोंगरात भुयार आहे, आतून कुणाच्या तरी घोरण्याचा आवाज येतोय. मग विचारतो, तुम्ही काय करता? प्रत्येकाने गोष्टीतलं एक माणूस घेतलेलं असतं, त्याच्या वतीने आपण बोलायचं. जमलं की फसलं ते फासा सांगतो, आणि फासाही साधा नाही, वीस तोंडांचा. बरं, मनाला येईल ते करता येत नाही. कुणाला काय येतं, किती वेळा येतं, कशावर चालतं, याचे नियम आहेत आणि त्या नियमांचं पुस्तक उशीएवढं जाड. दहावीला दोनदा आपटलेल्या माणसाला ते सगळं तोंडपाठ. शाळेला हे कळलं असतं तर त्यांनीच माफी मागितली असती.

तू तेव्हा सहावीत होतीस, तुला या खेळाला जायचं होतं. सूनबाई म्हणाली, कुणा किल्लीवाल्याच्या मागच्या खोलीत पोरीला एकटी पाठवायची नाही, आजी बरोबर जाईल. म्हणून मी. तीन रविवार मी दाराशी स्टुलावर बसले वाती वळल्यासारखी, हात रिकामे आणि कान टेबलाकडे. मग औषधवाल्याचा मुलगा नोकरीला लांब गेला, त्याची खुर्ची रिकामी झाली. किल्लीवाल्याने माझ्याकडे बघून ती खुर्ची पायाने पुढे सरकवली. आमंत्रण एवढंच.

मी म्हटलं, मला काय येतंय यातलं. तो म्हणाला, बोलता येतं ना? बस झालं.

त्याने माणसांची चित्रं दाखवली, यातलं एक घ्या. मी टोपी बघून जादूगारीण घेतली. टोपी झकास होती. नंतर कळलं की सगळ्यात जास्त वाचायचं असतं ते जादूगारणीला. बाकीच्यांना एक कागद, तिला चार, आणि त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत सगळे मंत्र.

त्याने ते चार कागद माझ्यापुढे ठेवले. टेबलाला आणखी दोघं होती. एक बसचा डायव्हर, गोष्टीत तो गदावाला. दुसरी शाळेतली मास्तरीणबाई, ती तिरंदाज. आणि तू चोर. नात चोर, आजी जादूगारीण, घरात सज्जन म्हणावी अशी सूनबाई एकटीच उरली. तर ते सगळे माझ्याकडे बघत होते. मी काय केलं? जे साठ वर्षं बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या पत्रिका बघताना केलं तेच. म्हटलं, अगंबाई, चष्मा घरी राहिला.

झाकली मूठ सव्वा लाखाची. घरच्यांना माहीत होतं मला वाचता येत नाही, बाहेर कुणाला नाही. आणि तुला मी डोळ्यांनीच गप्प केलं होतं, आठवतंय?

किल्लीवाल्याने कागद उचलले. म्हणाला, पुढच्या रविवारी बघू, आज नुसतं बोला.

पुढच्या रविवारी गेलो तर टेबलावर कागदच नव्हते, कुणाचेच. प्रत्येकाच्या जागी एकेक कडी, आणि कडीत किल्ल्या. त्याच्याकडे कापताना चुकलेल्या किल्ल्यांचा डबा असतो, एखादा दात जास्त खोल गेला, एखादी तिरकी झाली. त्यातल्या निवडून त्याने आमच्या अंगची विद्या केली होती. म्हणाला, आजपासून या टेबलावर कागद बंद. एक किल्ली म्हणजे एक गुण. वापरला की किल्ली कडीतून काढून डब्यात टाकायची, गोष्टीत रात्रीची झोप झाली की परत घ्यायची. आणि पुस्तक कपाटात. शंका आली की तोंडाने विचारायची, उत्तर मी तोंडाने देणार, सगळ्यांनी ऐकायचं. ज्याला उत्तर माहीत आहे त्यानेसुद्धा.

डायव्हर म्हणाला, काकांकडे भंगार फार साठलंय. सगळे हसले, मीही हसले. मला वाटलं, असेल याची तऱ्हा.

माझ्या जुडग्यात सात किल्ल्या. जिचं टोक जळून काळं पडलं होतं ती आगीची. बोथट दातांची झोपवण्याची. वाकडी दिसेनासं होण्याची. सगळ्यात मोठी, जुन्या दरवाज्याची असते तशी, ती दार मंत्राने बंद करायची. अंधारातही बोटाने चाचपून सांगेन कुठली कुठली ते.

आणि मग मी विचारायला लागले. इतके प्रश्न की डायव्हर म्हणायचा, आजींच्या दोन शंकांमधे माझी बस शेवटच्या थांब्याला जाऊन येईल. झोपलेल्यावर झोपेचा मंत्र टाकला तर तो दुप्पट झोपेल का? मी दिसेनाशी झाले आणि मला शिंक आली तर? आग लावली ती माझ्याच टोपीला लागेल का? किल्लीवाला कधी म्हणाला नाही, काय हे आजी. त्याची तीच रीत, दाराची. आधी विचारायचा, "तुम्हाला करायचंय काय, ते सांगा." मी म्हणायचे, राक्षसाच्या उशाखालची पेटी काढायचीय. मग तो म्हणायचा, तर तुमची शंका झोपेची नाही, आवाजाची आहे. आणि मग आवाजाचा नियम सांगायचा, साध्या शब्दांत, अगदी सावकाश. कधीकधी दुसरी दोघंसुद्धा म्हणायची, अरेच्चा, हे आम्हाला उलटंच वाटत होतं.

मला कुणी उभ्या आयुष्यात असं उत्तर दिलं नव्हतं. खिडकीपलीकडची माणसं म्हणतात, तिथे लिहिलंय, वाचा.

अशी दोन वर्षं गेली. मग ती दाराची भानगड झाली.

गोष्टीत आम्ही राक्षसाच्या बुरुजात शिरलो होतो. राक्षस जागा झाला, आम्ही पळालो. मी, तू आणि गदावाला बाहेर पडलो आणि मी घाईने मोठी किल्ली डब्यात टाकून दार मंत्राने बंद केलं. मागे बघते तर तिरंदाज आतच. मास्तरीणबाई शांत होत्या, कारण त्या दाराची खरी किल्ली त्यांच्या कमरेला होती, तूच चोरून दिलेली. त्यांनी विचारलं, मंत्राने बंद केलेलं दार त्याच्या खऱ्या किल्लीने उघडेल का?

किल्लीवाला लगेच म्हणाला, नाही. किल्ली कुलपावर चालते, मंत्र कुलपाच्या वरून बसलेला असतो.

किल्लीवाल्याने किल्लीबद्दल सांगितलं, म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कोण वाद घालणार? फासे पडले आणि तिरंदाज गेली. दोन वर्षं बाईंनी तिला जपलं होतं. दार तर मी लावलेलं. आठवडाभर मला जेवण गोड लागलं नाही, सूनबाई विचारायची काय झालं, मी काय सांगू, बुरुजात बाई विसरून आले म्हणून?

पुढच्या रविवारी मास्तरीणबाई आल्या त्या काखेत पुस्तक घेऊनच. स्वतःचं, नवीन आणलेलं, पानात खुणा घातलेल्या. उभ्या राहूनच त्यांनी नियम वाचला. ज्याच्या हातात त्या दाराची खरी किल्ली आहे, त्याला हा मंत्र अडवत नाही. असं स्पष्ट लिहिलेलं.

डायव्हर पुटपुटला, दिव्याखाली अंधार.

किल्लीवाल्याने पुस्तक हातात घेतलं, दोनदा वाचलं आणि मिटून परत दिलं. म्हणाला, "चूक माझी. मला वाटलं मला कुलपातलं कळतं, म्हणून आठवून न बघताच बोललो."

बाई म्हणाल्या, चुकण्याचा राग नाही. पण पुस्तक कपाटात कशाला? आजपासून ते टेबलावर राहील. ज्याची शंका त्याने आपला नियम शोधायचा आणि सगळ्यांना वाचून दाखवायचा, मग कुणाच्या आठवणीवर कुणाचा जीव टांगलेला राहणार नाही. बोलणं वावगं नव्हतं. माझी मात्र पाचावर धारण बसली. सगळ्यात जास्त शंका कुणाच्या? माझ्या. म्हणजे पुस्तक पहिलं येणार ते माझ्यापुढे. दोन वर्षांत मला एक खुर्ची मिळाली होती, जिथे मी कुणाची सासू, कुणाची आई म्हणून बसत नव्हते. ती आता जाणार.

डायव्हर म्हणाला, "त्यात काय नवीन आहे? आधी तसंच होतं की. पुस्तक टेबलावर पडलेलं असायचं, चहाचे डाग पडून. आजी यायला लागल्या त्या सुमारास काकांनी कपाटात टाकलं."

तो सहज बोलला, त्याच्या मनात काही नव्हतं. पण माझ्या मनात लख्ख झालं. मी विचारलं, आणि या किल्ल्या माझ्याआधी कधी काढल्या होत्या?

"कधीच नाही. आधी वर्षानुवर्षं आम्ही कागदावरच लिहायचो."

मी किल्लीवाल्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. तेलाच्या चिंधीने हात पुसत होता, पुसायला काही नसताना. मग बाईंना म्हणाला, बाकी काय हवं ते बदलू. प्रत्येकाने स्वतः वाचायचं, ते मात्र या टेबलावर होणार नाही. ते हवंच असेल तर गोष्ट सांगणारा दुसरा बघा, खोली तुमचीच आहे, मी पुढे दुकान उघडून बसतो.

बाईंचा आवाज चढला. म्हणजे चुकायचंही स्वतः आणि वर हट्टही स्वतःचाच?

त्याने चिंधी परत हातावर फिरवली. एक शब्द बोलला असता तर सुटला असता. वीस वर्षं जपलेला खेळ सोडायला निघाला, हट्टी ठरला, कुलपातलं कळत नाही असा किल्लीवाला ठरला, पण तोंड उघडलं नाही. आणि तू खाली मान घालून फासा नुसताच बोटात फिरवत होतीस.

मग मीच बोलले. "बाई, पुस्तक माझ्यामुळे कपाटात आहे. मला वाचता येत नाही. एक अक्षरसुद्धा नाही."

मला वाटलं, आता हे अरे अरे करतील. अरे अरे मला सोसत नाही. मी जुडगा घट्ट धरून बसले.

बाई खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "दोन वर्षं मी तुमच्या शेजारी बसतेय. मी मास्तरीण आहे, आणि मला कळलं नाही."

मी म्हटलं, "तुम्हाला शिकवायची वीस वर्षांची सवय, मला लपवायची साठ वर्षांची. कसं कळणार?"

पहिला डायव्हर हसला, मग त्या हसल्या, हसता हसता डोळे पुसले. आणि पुस्तक स्वतःकडे ओढून म्हणाल्या, ठीक आहे. शंका आजी विचारतील, पुस्तक मी वाचेन, सगळं मोठ्याने, आणि निकाल काका देतील. प्रत्येकाने स्वतः वाचायची गरज नाही. चालेल का सांगणाऱ्याला? किल्लीवाला म्हणाला, चालेल. एवढंच. पण चिंधी खाली ठेवली.

मग तिरंदाजाचं काय, ते राहिलंच होतं. त्याने निकाल दिला: चूक माझी, तिची शिक्षा तिरंदाजाला नको. दार उघडलं, ती बाहेर पडली. आठवडाभर कुठे होती ते तिनेच सांगावं. बाईंनी तासभर सांगितलं, राक्षसाच्या स्वयंपाकघरातून कशी निसटली, पिठाच्या कोठीत कशी लपली. इतकं छान की आम्ही खेळायचं विसरलो.

मला वाटलं, आज याचा हात सढळ आहे तर माझंही साधून घ्यावं. म्हटलं, म्हणजे माझा मंत्र फुकटच गेला की. मोठी किल्ली परत द्या. त्याने सरळ 'नाही' म्हटलं. म्हणाला, राक्षसाकडे खरी किल्ली नव्हती. त्याच्यासाठी दार बंदच राहिलं, म्हणून तर तुम्ही तिघं जिवंत आहात. मंत्र लागला, किल्ली डब्यातच राहील. माझ्यासाठी खेळ सोडायला निघालेला माणूस, एक बिघडलेली किल्ली द्यायला तयार नाही. माया वेगळी, नियम वेगळा. मला ते फार आवडलं. दया आली म्हणून कुणी काही दिलं की ते हातात टोचतं. त्याचं दिलेलं कधी टोचलं नाही, कारण दोन वर्षं मला कळलंच नव्हतं की काही दिलंय.

निघताना तुला पुढे पाठवून मी मागे राहिले. विचारलं, नातीने सांगितलं का तुम्हाला? म्हणाला, नाही. मग कसं कळलं? त्याने माझ्या गळ्याकडे बोट केलं. "पहिल्या दिवशी चष्मा घरी राहिला म्हणालात ना? तो गळ्यात लटकत होता, दोरीला."

मी कपाळावर हात मारून घेतला. साठ वर्षांची मुरलेली मी, आणि चष्म्याने घात केला.

तो म्हणाला, त्याच्या आईचाही चष्मा असाच घरी राहायचा. त्याचे शाळेचे निकाल यायचे तेव्हा हमखास. "तिच्याकडे तर चष्मा नव्हताच," म्हणाला, आणि दिव्याचं बटण बंद करायला वळला. मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, आभाराचं. तोंडातून निघालं भलतंच. मी म्हटलं, पुढच्या रविवारी आगीचा मंत्र पाण्यात चालतो का ते विचारणार आहे. तो म्हणाला, तुम्हाला पाण्यात करायचंय काय, ते ठरवून या.

आता सगळे मला सांगतात, बाई शिकवतील, शिका ना वाचायला. बाई स्वतःही म्हणाल्या. बघू. मन झालं तर शिकेन, लाजेने नाही शिकणार. ती लाज त्या टेबलावर ठेवून आले, आता परत उचलायला जाणार नाही.

आभार तेवढे राहिलेत. त्याच्या तोंडावर बोलले तर तो कानस घेऊन बसेल, खरखर आवाजात काही ऐकू येणार नाही. म्हणून तुला लिहायला बसवलं. हे कागद रविवारी मास्तरीणबाईंच्या हातात दे. खेळ सुरू व्हायच्या आधी त्या वाचतील, पहिल्या ओळीपासून, मोठ्याने. त्याला मधे उठता येणार नाही. त्या टेबलावर सगळ्यांनी ऐकायचं, ज्याला माहीत आहे त्यानेसुद्धा. नियम त्यानेच केलाय.